मंचावर गिटार नेमकी कुठे दगा देते

अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेल्यावर बहुधा लाकडाची चौकशी करतो. समोरची पाटी अखंड स्प्रूसची आहे की प्लायची, पाठ आणि बाजू शिसवीच्या आहेत की महॉगनीच्या, नुसती वाजवली तर ती किती घुमते, हे प्रश्न घरी बसून वाजवणाऱ्यासाठी योग्यच आहेत. परंतु ज्याला ती गिटार सभागृहांत, लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात आणि उघड्या मैदानावर वाजवायची आहे, त्याने चौकशीची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. लाकूड बिघडते ते महिनोन्‌महिने घेऊन, आणि बिघडण्याआधी तारांची उंची वाढवून किंवा पाटीला बारीक चीर देऊन ते सूचना देते. भर कार्यक्रमात गिटार मुकी होते ती मात्र जवळजवळ नेहमी अगदी किरकोळ किमतीच्या भागांमुळे: सैल झालेला जॅक, संपत आलेली बॅटरी, सॅडलखाली (तारा ज्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्याखाली) नीट न बसलेली, आवाज उचलणारी पट्टी किंवा आतल्या एखाद्या वायरचे सुटलेले सोल्डर.

या गिटारींत आवाज उचलण्याची सर्वांत रूढ पद्धत पिएझोची आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिले. त्याच तत्त्वावर चालणारी एक अरुंद पट्टी सॅडलच्या खाली बसवलेली असते. तार छेडली की सॅडलचा दाब कमीजास्त होतो, पट्टीतून त्याबरहुकूम क्षीण संकेत निघतो आणि प्रीॲम्प त्याला मिक्सरपर्यंत पोहोचण्याइतके बळ देतो. यातली मेख अशी की पिएझोचा इंपीडन्स, म्हणजे संकेताला होणारा विद्युत अडथळा, फार मोठा असतो, त्यामुळे त्यापुढच्या प्रीॲम्पचा इनपुटही किमान दहा लाख ओह्मचा, शक्यतो त्याहून बराच अधिक असावा लागतो; तसा नसेल तर खर्जाचा भाग गळून जातो आणि आवाज पातळ, चिरका होतो. पिकअपच वाईट आहे असे समजून लोक तो बदलायला निघतात, तेव्हा पुष्कळदा दोष पिकअपचा नसून तो ज्यात खोचला आहे त्या मिक्सरच्या इनपुटचा असतो.

सॅडलखालच्या पट्टीची दुसरी अट अशी की तिच्यावर सहाही तारांचा दाब सारखा पडला पाहिजे. सॅडलचा तळ तंतोतंत सपाट हवा, खाचेचा तळही सपाट हवा, आणि सॅडल खाचेत ना डुलणारा ना ठोकून बसवलेला असा हवा. तारांची उंची कमी करण्यासाठी कोणी सॅडल खालून घासताना हात जरासा तिरका गेला, की दुसरी किंवा तिसरी तार स्पीकरमधून बाकीच्यांपेक्षा दबून येऊ लागते. खोलीत नुसती वाजवताना हे कळत नाही, कारण कानाला गिटारचा नैसर्गिक आवाज ऐकू येत असतो. कळते ते साऊंड चेकला, म्हणजे दुरुस्तीला वेळ नसताना. सगळ्या तारा एकदम काढल्याने सॅडल हलतो आणि त्याखाली धूळ जाते, म्हणून पिएझोच्या गिटारीवर तारा शक्यतो एकेक करून बदलाव्यात. टेलर कंपनीने 2014 मध्ये आणलेल्या रचनेत पिएझो सॅडलच्या खाली न ठेवता मागच्या अंगाला ठेवले, त्यामागे आवाजाचा विचार तर होताच, पण खालच्या दाबावरचे हे अवलंबनही त्यामुळे कमी झाले.

यापेक्षाही मंचावर अधिक बळी घेणारा भाग म्हणजे जॅक. बऱ्याच गिटारींत पट्टा अडकवण्याच्या मागच्या खुंटीतच जॅकची नळी बसवलेली असते आणि ती आतल्या जाड ठोकळ्यातून आरपार गेलेली असते. ही रचना मजबूत आहे, पण तिचा नट काही महिन्यांत सैल होतो. नट सैल झाला की प्रत्येक वेळी केबल खोचताना आतला जॅक थोडा थोडा फिरतो, त्याला जोडलेल्या बारीक वायरांना पीळ बसतो आणि एके दिवशी त्यांतली एक तुटते. हा नट महिन्याकाठी पान्याने तपासला तर जॅकच्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. ज्या गिटारींत जॅक बाजूच्या पातळ लाकडावर एका प्लेटमध्ये बसवलेला असतो त्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण मंचावर कोणाचा तरी पाय केबलवर पडतोच आणि तो झटका थेट दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या लाकडाला बसतो. केबल आधी पट्टा आणि गिटार यांच्यामधून घेऊन मग जॅकमध्ये खोचावी, म्हणजे झटका पट्ट्याला बसतो, हा जुना उपाय आजही सर्वांत चांगला आहे. केबल लावलेली गिटार भिंतीला टेकवून उभी करणे मात्र पूर्ण टाळावे, कारण तेव्हा गिटारचे सगळे वजन प्लगवर येते आणि तो प्लग तरफेसारखा आतला ठोकळा उचकटतो.

जॅकविषयी आणखी एक गोष्ट, जी साऊंडवाल्यांनाही कित्येकदा ठाऊक नसते. प्रीॲम्प असलेल्या गिटारीचा जॅक स्टिरिओ प्रकारचा असतो, पण त्यात मोनो प्लगच घालायचा असतो. मोनो प्लगचा लांब दांडा जॅकमधल्या दोन पट्ट्यांना जोडतो आणि त्यामुळेच बॅटरीचे सर्किट पूर्ण होते; म्हणजे प्लग हाच प्रीॲम्पचा स्विच आहे. घाईत कोणी स्टिरिओ प्लगची केबल हाती दिली तर हे सर्किट जुळत नाही आणि ठणठणीत गिटारीतून काहीही ऐकू येत नाही. मग मिक्सरपासून मॉनिटरपर्यंत सगळे तपासून होते, फक्त केबलच्या टोकावरच्या काळ्या वळ्या कोणी मोजत नाही. एक वळे असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ.

याच रचनेची दुसरी बाजू बॅटरीची आहे. प्लग लावलेला राहिला की वाजवा किंवा न वाजवा, बॅटरी खर्च होत राहते. साध्या प्रीॲम्पला काही मिलीअँपियर एवढाच प्रवाह लागतो आणि चांगल्या अल्कलाइन नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्षमता साधारण पाचशे मिलीअँपियर-तासांच्या आसपास असते, म्हणजे शंभर तासांच्या पुढे ती सहज चालावी; पण दुपारी साऊंड चेक करून केबल तशीच ठेवून जेवायला जायची सवय असेल तर हा हिशेब चुकतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त झिंक-कार्बनच्या बॅटरीची क्षमता त्याहून पुष्कळ कमी असते. ट्यूनर, रिव्हर्ब, ब्लूटूथ अशी भर ज्या गिटारींत घातलेली असते त्या तर बॅटरी झपाट्याने संपवतात. बॅटरी जाताना एकदम जात नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी जोरात स्ट्रम केल्यावर आवाज फाटतो आणि हलक्या हाताने वाजवलेले मात्र स्वच्छ येते. हे ऐकू आले की पुढच्या गाण्यापूर्वी बॅटरी बदलावी. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या पैसे वाचवतात, परंतु त्यांचा दाब शेवटपर्यंत टिकून मग अचानक कोसळतो आणि इशारा फारसा मिळत नाही, म्हणून त्या सरावाला ठीक, कार्यक्रमाला नाहीत. बॅटरी बदलण्यासाठी तारा सैल करून साऊंडहोलमधून हात घालावा लागत असेल तर ती गिटार व्यावसायिक कामासाठी बनवलेली नाही, असे खुशाल समजावे.

आता बाजूला चौकोनी भोक पाडून बसवलेल्या प्रीॲम्पविषयी. त्यावर व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, ट्यूनर सगळे हाताशी असते, त्यामुळे नवशिक्याला तो सोयीचा वाटतो आणि विकणाऱ्यालाही दाखवायला बरा पडतो. माझा त्याला आक्षेप आहे तो आयुष्याच्या हिशेबाने. चांगल्या गिटारीचे लाकूड पन्नास वर्षे सहज टिकते आणि वयाबरोबर खुलते. त्या बाजूच्या इलेक्ट्रॉनिक डब्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. त्याचे सरकते कंट्रोल धुळीने करकरू लागतात, डिस्प्ले मंद होतो आणि तोवर कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असते. नव्या मॉडेलचा आकार जुन्या भोकात बसत नाही, त्यामुळे लाकडात पाडलेले ते भोक कायमचे आणि त्यातला डबा तात्पुरता, अशी उलटी गत होते. या बाबतीत जपानच्या ताकामिने कंपनीने दूरदृष्टी दाखवली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या तिच्या पॅलाथेटिक पिकअपमध्ये प्रत्येक तारेसाठी वेगळा पिएझो असून तो ब्रिजमधल्या (सॅडल ज्या लाकडी तुकड्यात बसतो त्यातल्या) छिद्रांतून सॅडलला भिडतो आणि सगळी जुळणी आतून घट्ट बांधलेली असते, तर प्रीॲम्पच्या खोक्याचा आकार तिने पिढ्यान्‌पिढ्या एकच ठेवला, त्यामुळे जुन्या गिटारीत नवा प्रीॲम्प सरकवून बसवता येतो. जगभर दौरे करणाऱ्या वादकांकडे या गिटारी इतक्या दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय या कंटाळवाण्या वाटणाऱ्या निर्णयाला आहे.

माझी स्वतःची निवड याहून सोपी आहे. गिटारमध्ये फक्त पिकअप आणि जॅक, बॅटरी नाही, भोक नाही. प्रीॲम्प आणि डीआय बॉक्स (गिटारचा संकेत मिक्सरच्या लांब केबलला जुळवून देणारा डबा) पायाशी, वेगळ्या डब्यात. पिएझोपासून प्रीॲम्पपर्यंतची केबल तीन-साडेतीन मीटरहून लांब घेत नाही, कारण लांबी वाढली की पिएझोचा संकेत क्षीण होतो आणि गुणगुणही वाढते. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआरची बॅलन्स्ड (वाटेतली गुणगुण रद्द करणारी) केबल जाते, ती कितीही लांब असली तरी चालते. पायाशी ठेवलेले काही बिघडले तर गिटार हातातून न उतरवता बदलता येते आणि गिटार दुरुस्तीला पाठवावी लागत नाही. डोळ्यांसमोर ट्यूनर नसतो, बासचा कंट्रोल वाकून फिरवावा लागतो, हे तोटे मला मान्य आहेत.

लाकडाकडे वळायचे तर मंचासाठी उत्तम लाकूड हवे, हा समज या वाद्याच्या इतिहासाला धरून नाही. गिब्सन कंपनीने 1954 मध्ये जे-160ई हे मॉडेल आणले, तेव्हा त्याची समोरची पाटी मुद्दाम प्लायची ठेवली होती, कारण अखंड स्प्रूसची पाटी स्पीकरसमोर फार कंप पावते आणि फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारीत शिरून फिरत राहण्याची, शिट्टी सुरू होते. नुसती वाजवली तर ही गिटार काहीशी बोथट वाटते, तरीही जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी 1962 मध्ये तीच घेतली आणि बीटल्सच्या सुरुवातीच्या काळात ती सतत वापरली. पुढे हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ओव्हेशन गिटार बाजारात आणली. ते स्वतः हौशी गिटारवादक होते आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे कंपनांचा अभ्यास त्यांच्या कंपनीत मुरलेला होता. त्यांनी पाठ आणि बाजू लाकडाऐवजी काचतंतूंच्या मिश्रणातून एकाच गोल वाडग्याच्या आकारात घडवली, म्हणजे जोड नाहीत आणि हवेने फुगणे-आकसणेही नाही. पाठोपाठ सॅडलखालचा पिएझोही आला आणि ग्लेन कॅम्पबेल यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे तो घरोघरी पोहोचला. बसून वाजवायला घेतली की ही गिटार मांडीवरून घसरते, हे तिच्या चाहत्यांनाही कबूल असते, पण पट्टा लावून उभे राहणाऱ्याला त्याचे काय.

आपल्याकडे प्रश्न फीडबॅकइतकाच हवेचा आहे. गिटारच्या लाकडासाठी सापेक्ष आर्द्रता साधारण 45 ते 55 टक्के असावी असे बनवणारे सांगतात. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकण-गोव्यात ती ऐंशीच्या वर असते, आणि मे महिन्यातल्या दुपारी नागपूरला वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने चांगलेच फुगते आणि आकसते. रत्नागिरीच्या जुलैत अखंड पाटीला पोट सुटते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा बोटांना जड जातात. नागपूरच्या मेमध्ये तीच पाटी खाली बसते, तारा फ्रेटवर झणझणतात, फ्रेटची टोके नेकच्या कडेला बोचू लागतात आणि वेळीच लक्ष दिले नाही तर पाटीला तंतूच्या रेषेत चीर जाते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही हालचाल फार थोडी होते. म्हणून वर्षभर राज्यभर फिरणाऱ्याला मी महाग अखंड लाकडाच्या गिटारीऐवजी प्लायची पाठ आणि बाजू असलेली, हवी तर फक्त समोरची पाटी अखंड असलेली गिटार सुचवतो. स्पीकरमधून ऐकणाऱ्या श्रोत्याला पाठीच्या लाकडातला फरक कळत नाही.

या बाबतीत परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. अमेरिकेत हिवाळ्यात घरे गरम केली जातात आणि हवा कोरडी पडते, म्हणून तिथले जाणकार केसमध्ये ओला स्पंज ठेवायला सांगतात. मुंबईच्या ऑगस्टमध्ये हाच उपाय करणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. इथे केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, आणि त्याही अधूनमधून वाळवलेल्या. ओला स्पंज विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ठेवावा. गार एसी गाडीतून गिटार बाहेरच्या दमट हवेत एकदम काढली तर तारांवर, जॅकवर आणि आतल्या सर्किटवरही दव धरते, आणि वर सांगितल्याप्रमाणे पिएझोचा इंपीडन्स फार मोठा असल्याने त्याच्या सर्किटला ओलाव्यामुळे होणारी गळती चांगलीच बाधते. मग स्पीकरमधून खरखर सुरू होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत त्यात क्षारांची भर पडते. यावर उपाय फुकटचा आहे: केस न उघडता अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवणे हा सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे, कारण बंद गाडीतले तापमान साठ अंशांच्या पुढे जाते, तिथे नेहमीचा सरस मऊ पडतो आणि सहा तारांची मिळून सत्तर किलोहून अधिक ओढ ब्रिजला हळूहळू जागेवरून उचकटते.

हवेच्या या कटकटीतून पूर्ण सुटका हवी असेल तर कार्बन फायबरच्या गिटारी आहेत. त्यांची व्यावसायिक सुरुवात 1990 च्या दशकात रेनसाँग या कंपनीने हवाईसारख्या दमट बेटावर केली, यात नवल नाही. त्या पावसाला, उन्हाला दाद देत नाहीत आणि सूर फारसा सोडत नाहीत. त्यांचा आवाज मला किंचित काचेरी वाटतो, पण हा आवडीचा भाग झाला. लक्षात ठेवायचे ते एवढेच की कार्बनच्या गिटारीतही जॅक, वायर आणि बॅटरी नेहमीचीच असते.

फीडबॅकबद्दल थोडक्यात. मोठ्या आकाराच्या गिटारीतली हवा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या पट्टीत, आणि मॉनिटरचा आवाज वाढला की तिथेच हूऽऽ सुरू होते. साऊंडहोलमध्ये बसणारे रबराचे झाकण यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे आहे. ते कमी पडले तर फेजचे (संकेत उलटा करणारे) बटण दाबून पाहावे, मग नॉच फिल्टरने तेवढीच पट्टी कापावी. साऊंडवाल्याला सगळा बासच काढायला सांगू नये. गिटार पोकळ वाटते आणि गायकालाही आधार राहत नाही.

मांडवातल्या विजेविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. जनरेटरवर चालणाऱ्या, तात्पुरत्या वायरिंगच्या मंचावर अर्थिंग अनेकदा नसतेच, आणि त्याची पहिली खूण म्हणजे गुणगुण. ती घालवण्यासाठी कोणी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतो, आणि हा जिवाशी खेळ आहे. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा मंचावरच मृत्यू झाला, तो अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून. गुणगुण तोडायची असेल तर डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे; ते फक्त संकेताच्या केबलची अर्थ तोडते, मुख्य विजेची नाही. तारा आणि समोरचा माइक यांना एकाच वेळी स्पर्श होण्यापूर्वी मी साऊंडवाल्याला टेस्टर लावून पाहायला सांगतो. काही जण हसतात, पण टेस्टर लावतात.

इतके करूनही पिएझो दगा देऊ शकतो, म्हणून माझ्या केसमध्ये साऊंडहोलमध्ये चिमट्याने बसणारा एक चुंबकीय पिकअप कायम असतो. त्याला स्वतःची केबल असते, बॅटरी लागत नाही, आणि दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात तो बसवून होतो. आवाज इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाने जातो आणि पितळी वेष्टनाच्या तारांवर तो असमान येतो, कारण पितळ चुंबकाला प्रतिसाद देत नाही आणि काम आतल्या पोलादी गाभ्यावरच चालते. तारांचा संच निकेलच्या वेष्टनाचा असेल तर फरक कमी जाणवतो. त्याच्याशेजारी एक जादा मोनो केबल, नवी अल्कलाइन बॅटरी, जॅकच्या नटाच्या मापाचा पाना आणि तारांचा एक पूर्ण संच ठेवतो. बॅटरी माझ्या गिटारीला लागत नाही. ती बहुतेक वेळा शेजारच्या वादकाला लागते.